गावाला अर्धाच ट्यूनर लागतो

मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतींत उमेदवाराला गोंधळात टाकणारा एक प्रश्न पुष्कळांच्या कानांवर आलेला असतो: शिकागो शहरात पियानो ट्यून करणारे किती जण असतील? हा प्रश्न एन्रिको फर्मी या पदार्थवैज्ञानिकाच्या नावावर सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर तो शिकागो विद्यापीठात शिकवत असे आणि हाताशी काहीच आकडे नसताना अंदाज कसा बांधायचा, हे विद्यार्थ्यांना शिकवण्याचा त्याला नाद होता. उत्तराची रीत सोपी आहे. शहराची वस्ती सोयीसाठी 30 लाख धरा. घरात तीन माणसे धरली तर घरे झाली 10 लाख. वीस घरांत एक पियानो धरला तर पियानो 50 हजार. प्रत्येक पियानो वर्षातून एकदा सुरात लावून घेतला जातो असे माना. एक माणूस दिवसाला चार पियानो लावतो आणि वर्षाचे 250 दिवस काम करतो, म्हणजे त्याच्या हातून वर्षाला हजार पियानो होतात. 50 हजारांना हजाराने भागले की उत्तर आले: 50.

या हिशेबातल्या घरांच्या आणि पियानोंच्या आकड्यांवर सगळे वाद घालतात. शेवटच्या भागाकाराकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. ट्यूनर म्हणजे सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पियानोच लावणारा माणूस, हे त्यात न बोलता धरलेले आहे. प्रत्यक्षात या धंद्यातली बरीच माणसे दुसरेही काही तरी करतात. कुणी रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, कुणी मुलांना पियानो शिकवतो, कुणी जुने पियानो विकत घेऊन दुरुस्त करून विकतो, कुणी शाळेत नोकरी करतो, आणि कुणाच्या दुसऱ्या कामाचा संगीताशी काडीचाही संबंध नसतो. कला मरते आहे, डिजिटल वाद्यांनी घात केला, असा निष्कर्ष यावरून झटकन काढला जातो. तो मला अपुरा वाटतो. पियानो जुळवणाऱ्याचा जोडधंदा हा या कामाच्या घडणीतूनच येतो. डिजिटल वाद्ये नव्हती तेव्हाही तो होता, आणि का होता ते कळायला आधी वाद्याच्या पोटात डोकवावे लागते.

सूर उतरतो तो कशामुळे

पियानोला 88 पट्ट्या असतात, पण तारा असतात सुमारे 230. कारण मधल्या आणि वरच्या सुरांसाठी एकेका पट्टीमागे तीन-तीन तारा असतात. खर्जाकडे त्या दोन आणि मग एक होतात. हातोडी तिन्ही तारांवर एकदम पडते, म्हणून तिन्ही तंतोतंत एका सुरात हव्यात. प्रत्येक तारेवर साधारण 70 ते 80 किलोंचा ताण असतो. सगळ्या तारांचा मिळून ताण 15 ते 20 टनांच्या घरात जातो आणि तो पेलायला आत बिडाची जाड चौकट बसवलेली असते. बिडाला हवामानाचे फारसे सोयरसुतक नाही. लाकडाला मात्र आहे. तारांखाली स्प्रूस लाकडाची पातळ, किंचित फुगीर फळी असते. तिला साउंडबोर्ड म्हणतात. तारांचे कंपन त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीवाटे या फळीत उतरते आणि खोलीभर ऐकू येते. हवा दमट झाली की फळी ओलावा पिते, फुगते, घोडीला वर ढकलते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की फळी बसते आणि सूर उतरतो. सगळ्या तारा सारख्या प्रमाणात चढल्या-उतरल्या असत्या तर पियानो एकट्याने वाजवणाऱ्याला कदाचित कळलेही नसते. पण मधला भाग जास्त हलतो, दोन्ही टोके कमी, आणि म्हणून वाद्य आतल्या आत फाटते.

म्हणजे पियानो कुणी न वाजवताही बेसूर होतो. थंड देशांत दर वर्षी हिवाळ्यात घरे तापवायला सुरुवात झाली की हवा खडखडीत कोरडी होते आणि पियानो उतरतात; उन्हाळ्यात पुन्हा चढतात. मुंबई-गोव्याकडे हीच गोष्ट पावसाळा करतो, वर समुद्राच्या खाऱ्या हवेने तारांना गंज चढतो. पियानोच्या पोटात बारीक हीटरची दांडी बसवून ओलावा आटोक्यात ठेवायची युक्ती आहे, पण त्याने कामाची वारंवारता कमी होते, काम संपत नाही. ट्यूनरला गिऱ्हाईक देणारा खरा माणूस म्हणजे हवामान. एवढे ऐकल्यावर वाटेल की मग याच्याइतका निश्चिंत धंदा नाही: वाद्य आपोआप बिघडते, दर वर्षी बिघडते, आणि मालकाला स्वतःला ते नीट करता येत नाही. यातले शेवटचे वाक्य जरा तपासून पाहू.

मालकाला का जमत नाही

सतारिया सतार स्वतः जुळवतो, गवई तंबोरा स्वतः लावतो, व्हायोलिन वाजवणाऱ्याला दुसऱ्याची गरज पडत नाही. युरोपातही पियानोच्या आधीचे हार्पसिकॉर्ड हे वाद्य वाजवणारेच जुळवत. संगीतकार बाखचा चरित्रकार फोर्केल 1802च्या पुस्तकात सांगतो की बाख आपले वाद्य स्वतःच लावी आणि त्याला पाव तासाहून जास्त वेळ लागत नसे. हार्पसिकॉर्डच्या तारा बारीक आणि ताण बेताचा. एकोणिसाव्या शतकात पियानो मोठा होत गेला, तारा जाड झाल्या, लाकडी सांगाड्याच्या जागी बीड आले, ताण कित्येक पटींनी वाढला. तिथे वाजवणारा आणि जुळवणारा यांची फारकत झाली.

ताण वाढल्याने अवघड झाले ते काम कानाचे नाही, मनगटाचे आहे. पियानोच्या खुंटीला गिटारसारखी दातेरी चक्रे नसतात. पोलादी खुंटी कठीण लाकडाच्या थरांच्या ठोकळ्यात घट्ट ठोकलेली असते आणि ती केवळ घर्षणाने तग धरून असते. तिच्या डोक्यावर लांब दांड्याची किल्ली बसवून ती फिरवायची. फिरवायची म्हणजे घड्याळाच्या काट्याचा एखादा अंशभर, कधी त्याहूनही कमी. गंमत अशी की किल्लीला जोर दिला की खुंटीचे डोके फिरते, पण लाकडात रुतलेले तिचे दुसरे टोक लगेच फिरत नाही. खुंटी नुसती पिळवटते. सूर लागल्यासारखा वाटतो. किल्ली काढली, दोन जोरदार स्वर वाजवले, की पीळ सुटतो आणि तार परत घसरते. म्हणून जाणता ट्यूनर तार हव्या त्या सुराच्या किंचित वर नेतो, मग हलकेच खाली आणतो, पट्टी जोरात ठोकून तारेचा ताण सगळीकडे सारखा वाटला गेला का ते बघतो, आणि खुंटी खालपासून वरपर्यंत निवांत बसली आहे याची हाताला खूण पटली की पुढच्या तारेकडे वळतो. बाजूच्या दोन तारांत रबरी पाचर खोवून त्या गप्प करायच्या, एक तार लावायची, पाचर काढून दुसरी पहिलीशी मिळवायची, मग तिसरी. हे सव्वादोनशेहून जास्त वेळा. साधारण बऱ्या स्थितीतल्या पियानोला यासाठी दीड ते दोन तास लागतात.

पियानो वर्षानुवर्षे तसाच पडून असेल तर मात्र दीड तासात भागत नाही. तारा खूप उतरलेल्या असतात. त्या ताणायला घेतल्या की घोडीवर आणि साउंडबोर्डवर दाब वाढतो, फळी दबते, आणि मघाशी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. बाजेची नवार आवळताना एक पट्टी ताणली की शेजारची सैल पडते, तसेच. म्हणून सगळा पियानो एकदा ढोबळ वर आणायचा आणि मग दुसऱ्यांदा नेमका लावायचा. आळस मालकाने केला तरी घाम ट्यूनरचा निघतो, आणि दुप्पट कामाचे दुप्पट पैसे मागताना त्याला बरेच समजावून सांगावे लागते.

> चौकट: मुद्दाम थोडे बेसूर
>
> षड्ज-पंचमाचे शुद्ध प्रमाण 3:2. या प्रमाणाने पंचमावर पंचम चढत बारा पायऱ्या गेलो, तर मूळ सुराच्या 129.75 पट वर पोचतो. सात सप्तके चढून मात्र 128 पटच होतात. दोन्ही वाटा एकाच पट्टीवर यायला हव्यात, पण येत नाहीत. पियानोत ही तफावत बाराही पंचमांत सारखी वाटून टाकतात, म्हणून त्यातला प्रत्येक पंचम शुद्धापेक्षा केसभर लहान असतो.
>
> हा केस मोजायचा कसा? 220 कंपनांचा 'ए' आणि त्याच्या पंचमातला 329.63 कंपनांचा 'ई' एकत्र वाजवले, तर पहिल्याचा तिसरा उपस्वर 660वर आणि दुसऱ्याचा दुसरा उपस्वर 659.26वर पडतो. दोन जवळचे सूर एकमेकांवर आदळले की आवाज लहान-मोठा होत हेलकावतो. सेकंदाला जेवढ्या कंपनांचा फरक, तेवढे हेलकावे. इथे चार सेकंदांत साधारण तीन. याच 'ए'चा खालच्या 'एफ'शी गांधार लावला तर हेलकावे सेकंदाला जवळजवळ सात. कानाने लावणारा ट्यूनर सूर ओळखण्यापेक्षा हे हेलकावे मोजत असतो.

हे हात आणि हे कान कमावायला वर्षे लागतात. हजार पियानो लावून झाल्याशिवाय हात बसत नाही, असे या धंद्यात सर्रास म्हटले जाते. अमेरिकेत बॉस्टनच्या नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूलसारख्या ठिकाणी पूर्ण वेळ अभ्यासक्रम आहे, पण तो संपला म्हणजे हजार पियानो झाले असे नव्हे. मग त्या पहिल्या हजारांच्या काळात पोट कशावर भरायचे? इथेच बहुतेकांच्या आयुष्यात दुसरे काम शिरते, किंवा दुसऱ्या कामात असलेल्या माणसाच्या आयुष्यात पियानो शिरतो.

खिळे गावोगाव पाठवता येतात

आता फर्मीचा हिशेब उलटा करू. शिकागोऐवजी लाखभर वस्तीचे गाव घेऊ. घरे 33 हजार, वीसात एक या दराने पियानो 1650. पण घरात पियानो असणे आणि तो दर वर्षी लावून घेणे यांत मोठे अंतर आहे. आजीचा म्हणून ठेवलेला, फोटोंच्या चौकटी मांडण्यापुरता उरलेला पियानो या मोजणीत येतो, ट्यूनरच्या वहीत येत नाही. तीनांतला एक जण वर्षाला ट्यूनरला बोलावतो असे उदारपणे धरले तरी 550 कामे झाली. दिवसाला चार या हिशेबाने 138 दिवस. वर्षाचे कामाचे दिवस 250. म्हणजे गावाला लागतो अर्ध्याहून थोडा जास्त ट्यूनर. पण अर्धा माणूस मिळत नाही. अख्खा माणूस येतो, अख्खे पोट घेऊन येतो, आणि उरलेला अर्धा भाग कुठल्या तरी दुसऱ्या कामाने भरतो.

ॲडम स्मिथने 1776मध्ये नेमके हेच तत्त्व खिळ्यांच्या उदाहरणाने सांगितले होते. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात नुसते खिळे बनवून पोट भरणारा लोहार असूच शकत नाही, असे तो म्हणतो. असा कारागीर दिवसाला हजार खिळे करील, म्हणजे 300 दिवसांत तीन लाख. आणि त्या मुलखात वर्षभरात हजार खिळेही खपणार नाहीत, म्हणजे एका दिवसाचेच काम. बाजारपेठ जेवढी मोठी, तेवढेच माणसाला एका कामाला वाहून घेता येते. म्हणून दूरच्या वस्त्यांत एकच माणूस अनेक धंदे करतो. पण खिळेवाल्याला एक सुटकेची वाट होती आणि स्मिथने ती त्याच प्रकरणात दाखवली: जलमार्ग असेल तर माल दूरच्या बाजारात पाठवता येतो. ट्यूनरला ही वाट बंद आहे. सुरात लावलेली तार खोक्यात भरून बोटीने धाडता येत नाही. तीनशे किलोंचा पियानो त्याच्याकडे येत नाही, आणि आणलाच तर प्रवासात आणि नव्या खोलीच्या हवेत पुन्हा उतरतो. म्हणून माणसानेच वाद्याकडे जायचे. जाण्यायेण्याचा वेळ कुणी मोजत नाही, पण दिवस तोच खातो.

याची उलट बाजू महाराष्ट्रात बघायला मिळते. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी आणि तंबोरे बनतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतली माणसे शस्त्रांची मागणी आटल्यावर या कामाकडे वळली आणि पुढे सतारमेकर हेच त्यांचे आडनाव झाले. मिरजेसारख्या गावाला स्वतःला किती तंबोरे लागणार? पण तंबोरा बांधून देशभर पाठवता येतो, जवारी काढायला, म्हणजे तारांचा नाद खुलावा म्हणून घोडी घासून घ्यायला, वाद्य मिरजेला आणता येते. म्हणून तिथल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या याच एका कामावर राहता आले. 2024मध्ये मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हार्मोनियमचेही असेच. पेटीतली पितळी पाती घासून सूर लावायचा (टोकाकडे घासली की चढतो, मुळाकडे घासली की उतरतो) आणि एकदा लावला की तो बराच काळ टिकतो. पेटीला काम कमी लागते हे खरे, पण बगलेत मारून ती दुकानात नेता येते. दुकानदार एका जागी बसून तालुक्यातल्या पेट्या गोळा करतो आणि फावल्या वेळात तबलेही मढवतो. पियानोवाल्याला बसायला दुकानच नाही.

दर का वाढवत नाहीत

यावर साधा आक्षेप असा की कसबी माणसे थोडी आणि काम अवघड, तर दर वाढवावेत. 138 दिवसांतच वर्षाची कमाई व्हावी. वकील, शल्यचिकित्सक तेच करतात. पण शल्यचिकित्सकाकडे जाणे लांबणीवर टाकता येत नाही, आणि पियानो लावून घेणे अगदी सहज टाकता येते. गळका नळ घरादाराला झोपू देत नाही. थोडासा उतरलेला पियानो रोज इतका हळूहळू उतरतो की घरच्यांच्या कानांना त्याची सवय होते. शिवाय वरची मर्यादा वाद्याच्या किमतीने ठरते. अमेरिकेत जुने उभे पियानो 'कुणी घेऊन जाईल तर फुकट' म्हणून दिले जातात. फुकट आलेल्या वस्तूवर दर वर्षी किती खर्च करायचा, हा प्रश्न मालकाला पडणारच. दर वाढला की वर्षाने होणारे काम दोन वर्षांनी होते, दोन वर्षांनी होणारे बंद पडते, आणि पुढे जेव्हा बोलावणे येते तेव्हा तो दोनदा लावावा लागणारा पियानो असतो.

दुसऱ्या बाजूने खर्च दाबतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावरच्या पुस्तकात दाखवले की चार वादकांच्या चमूला एखादी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. कारखान्यात मात्र त्याच वेळात कित्येक पट माल निघतो. इतरत्र मजुरी उत्पादनाबरोबर वाढते. वादकाचे उत्पादन वाढत नाही, पण घरभाडे, पेट्रोल, मुलांच्या फिया वाढलेल्या मजुरीच्याच मापाने द्याव्या लागतात. ट्यूनर या नियमाचे वादकाहूनही नमुनेदार उदाहरण आहे, कारण वादक निदान ध्वनिमुद्रण करून एकदा वाजवलेले लाखोंना विकू शकतो. ट्यूनरचे काम मुद्रित होत नाही. स्वयंरोजगारात असल्याने आजारपणाची रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. आणि अमेरिकेत तर आरोग्यविमा बहुधा नोकरीला चिकटलेला असतो. तिथे एखादा चांगला ट्यूनर शाळेतली अर्धवेळ नोकरी सोडत नाही, ती पगारापेक्षा विम्यासाठी, आणि ज्याला अशी नोकरी नाही त्याचा विमा पुष्कळदा जोडीदाराच्या नोकरीतून येतो.

हंगामाचीही भर आहे. नाताळच्या आधी सगळ्यांनाच पियानो सुरात हवा असतो, शाळा उघडताना सगळ्या शाळांना एकदम हवा असतो, आणि भर उन्हाळ्यात फोन वाजत नाही. गर्दीच्या आठवड्यांना पुरतील इतके ट्यूनर गावात असले तर उरलेल्या महिन्यांत ते रिकामे बसणार. रिकामे बसू नयेत इतकेच असले तर डिसेंबरात गिऱ्हाइके खोळंबणार.

कुठले काम या फटीत बसते

जोडधंदा म्हणून कुठलेही काम चालत नाही. ट्यूनरचे रिकामेपण अखंड नसते. ते तुकड्यातुकड्यांचे असते. मंगळवारची दुपार, जानेवारीतले दोन आठवडे, सबंध जुलै. म्हणून ठरावीक वेळेची कडक नोकरी अवघड जाते. बसतात ती कामे दोन जातींची. एक, जी याच गिऱ्हाइकांना आणि याच हातांना धरून आहेत: शिकवणी, वाद्यांची खरेदी-विक्री, हातोड्यांचे नमदे बदलणे, तुटक्या तारा आणि सैल खुंट्या बदलून अख्खा पियानो नव्याने उभा करणे. हे शेवटचे काम विशेष सोयीचे, कारण ते वर्कशॉपमध्ये होते आणि वाट पाहू शकते; फोन आला की रंधा ठेवून निघता येते. दोन, ज्यांची वेळ मुळातच वेगळी आहे: रविवारचा ऑर्गन, संध्याकाळची साथसंगत.

ही जुळणी जुनी आहे. पॅरिसच्या अंध मुलांच्या संस्थेत शिकलेला क्लोद मोंताल हा स्वतः अंध माणूस युरोपातल्या नामांकित ट्यूनरांपैकी एक. पियानो कसा लावावा यावरचे त्याचे पुस्तक 1836मध्ये निघाले आणि अंधांसाठी हा व्यवसाय खुला झाला तो मुख्यतः त्याच्यामुळे. पण मोंताल नुसता ट्यूनर नव्हता. तो शिकवत असे, पुस्तक लिहून विकत असे, आणि पुढे स्वतःच्या कारखान्यात पियानो बनवू लागला. लंडनमध्ये 1872 साली अंधांसाठी रॉयल नॉर्मल कॉलेज निघाले, तिथेही ट्यूनिंग आणि संगीत हे दोन्ही धडे एकाच छपराखाली दिले जात. हा पियानोच्या भरभराटीचा काळ होता. अमेरिकेत पियानोची विक्री 1909 साली साडेतीन लाखांच्या वर गेली होती. आज तिथे तारांचे नवे पियानो त्याच्या लहानशा हिश्श्याइतकेच विकले जातात. धंदा चढता असतानाही नावाजलेला ट्यूनर चार कामे करत होता, तर जोडधंद्याला घसरणीची खूण म्हणणे कठीण आहे. घसरणीने अर्ध्याचा पाव केला, एवढेच तिचे श्रेय.

मुंबईसारख्या शहरात हा पाव आणखी वेगळा दिसतो. फुर्टाडोज हे दुकान तिथे 1865पासून आहे. पारशी आणि गोवेकर घरांत, क्लबांत, हॉटेलांत, चर्चमध्ये, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण-स्टुडिओंत पियानो होते. तरी शहराच्या कोटीच्या वस्तीला वीस घरांत एक हे माप लावले तर हसू येईल. पियानो थोडे, लांबलांब विखुरलेले, आणि हवा वर्षातले चार महिने चिंब. प्रत्येक पियानोला काम जास्त, पण एकूण काम थोडे. असल्या बाजारात नुसत्या ट्यूनिंगवर जगू शकणारा माणूस विरळाच असणार, हे कुणाला न विचारताही हिशेबाने सांगता येते. पूर्ण वेळ जगता येते ते जिथे एकाच छताखाली पुष्कळ पियानो असतात तिथे: मोठी संगीत विद्यालये, नाट्यगृहे, पियानो कंपन्यांचे मैफिली विभाग. जगातल्या मोठ्या शहरांत असे पूर्णवेळ ट्यूनर आहेत आणि त्यांचे बरे चालते. फर्मीचे उत्तर शिकागोत खपून गेले ते शहर प्रचंड म्हणून.

ॲप आल्यावर

आता फोनवरचे ॲप प्रत्येक तारेची कंपने दाखवते, वाद्याच्या गुणधर्मानुसार सप्तके शुद्ध मापापेक्षा किती ताणायची तेही सुचवते. त्यामुळे एका दिवसात चाराचे सहा पियानो होतील आणि जोडधंद्याची गरज सरेल, असे कुणाला वाटू शकते. पण ॲप सूर दाखवते. खुंटी बसवत नाही. वेळ जातो तो मनगटाच्या कामात आणि रस्त्यात. आणि समजा खरोखरच दिवसाला सहा झाले, तर गावातली 550 कामे 92 दिवसांतच आटपतील. रिकामे दिवस वाढतील. ॲपने खरा फरक पाडला तो दारात: हेलकावे मोजायला कानाची वर्षानुवर्षांची तालीम लागे, ती अट सैल झाली. त्यामुळे दुसरी नोकरी सांभाळून या कामात शिरणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, म्हणजे अर्धवेळ माणसे वाढायलाच वाव मिळाला.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप दर्जाचा आहे. अर्धवेळ माणसाचा हात अर्धाच राहणार ना? यात तथ्य आहे. खुंटी बसल्याची खूण ही हाताची स्मृती आहे आणि ती वापराने टिकते. आठवड्याला एक पियानो लावणाऱ्याच्या हातून सूर महिन्याभरात घसरत असेल तर त्याला ॲप काही करू शकत नाही. मात्र आठवड्याला दहा लावणारा आणि वीस लावणारा यांत तेवढा फरक उरत नाही, आणि जोडधंदा असलेले पुष्कळ जण आठवड्याला एकच लावणाऱ्यांत नसतात. अमेरिकेतल्या पियानो टेक्निशियन्स गिल्ड या 1957 साली स्थापन झालेल्या संघटनेची नोंदणी-परीक्षा लेखी, ट्यूनिंगची आणि दुरुस्तीची अशी तिहेरी असते. ट्यूनिंगच्या भागात उमेदवाराने लावलेला प्रत्येक सूर मोजून गुण देतात. तो आठवड्यातले किती तास हे काम करतो, हे त्या गुणांत धरत नाहीत. गिऱ्हाइकानेही तेच पाहावे. आणि ट्यूनर किती उरलेत हे ठरवायला सरकारी आकडेवारीवर विसंबू नये: अमेरिकेच्या श्रमखात्याचे व्यवसायवार वेतनाचे सर्वेक्षण स्वयंरोजगारातल्या माणसांना मोजतच नाही, आणि ट्यूनर बहुतेक तेच असतात.

ज्या गावांत अर्धा ट्यूनरही उरलेला नाही, तिथे दूरच्या शहरातला माणूस वर्षातून दोनदा येतो. तो येण्याआधी चर्च, शाळा आणि पाच-दहा घरे मिळून तारखा ठरवतात, प्रवासखर्च वाटून घेतात, आणि दोन-तीन दिवसांत तो सगळ्यांचे काम उरकतो. अशा फेरीत शाळेचा पियानो सकाळी मुले येण्याआधी लावायचा, चर्चचा दुपारी, घरचे संध्याकाळी, अशी वाटणी करावी लागते. कारण मिक्सर चालू असलेल्या घरात चार सेकंदांतले तीन हेलकावे कुणालाच मोजता येत नाहीत.